सव्वा मूठ

“थांबाड रे नवल, गाडी थांबाड! पोरीले उलटी व्हई राहिनी!”

नवलनं गाडी कडेला घेतली. कडेला म्हणजे काय, तिथं सगळीकडे कडाच होती! रस्ता तांबड्या मातीचा, रान तांबडं, आणि नजर जाईल तिथपर्यंत ना झाड ना झोपडी. मागं जोडलेली कॅरॅव्हॅन हिसका खाऊन उभी राहिली आणि धुळीचा लोट सगळ्यांच्या अंगावरून पुढे गेला. दिपमाला दार उघडून पळाली आणि एका खुरट्या झुडपाशी वाकली. यशोदाबाई गुडघे सांभाळत तिच्यामागं उतरल्या. सुनेच्या पाठीवर हात फिरवता फिरवता त्यांना आतून इतका आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

“काही नाही आई, रस्ताच असला खडखडीत आहे,” तोंड पुसत दिपमाला म्हणाली. “डोकं उठतं नि मग मळमळतं.”

“हाव, रस्तानं,” यशोदाबाई म्हणाल्या आणि पदरानं हसू झाकलं.

कुणाला सांगते ही! चोपड्याच्या दवाखान्यात आया म्हणून जन्म गेला होता त्यांचा. बाळंतिणींची धुणी, लादी, गरम पाणी, रडणाऱ्या बायांचे हात धरणं, यातच केस पिकले. कुठली उलटी पित्ताची आणि कुठली दिवस गेल्याची हे त्या दारातूनच सांगत आणि नर्सबाई हसत. त्या बाईला ही पोरगी रस्ता दाखवते! नवी पोरं अशीच. तीन महिने होईतो तोंडातून अक्षर काढायची नाहीत. बरं, नका काढू. आम्हीही काही विचारणार नाही.

ही कॅरॅव्हॅनची टूम नवलचीच. ॲडलेडहून निघायचं, घर गाडीला बांधायचं आणि उत्तरेला वाळवंटाच्या अंगानं आरामात जात राहायचं. वाटेल तिथं थांबा, खुर्च्या मांडा, चहा करा, पुन्हा निघा. यशोदाबाईंना आधी ते काही पटलंच नाही. “आपला धनगर मेंढ्या लिसन फिरतस, पन ते पोटसाठे,” त्या म्हणाल्या होत्या. “तुम्हीन घर सोडीसन घर वढत काबर फिरतस?” पण दोन दिवसांत त्यांना गोडी लागली. आत शेगडी, बेसिन, फ्रीज, आणि बसायचा बाक ओढला की पलंग. भांडी घासता घासता खिडकीतून रान बघायला मिळतं, हे सुख चोपड्यात कुठलं! एकदा इमूंची रांग रस्ता ओलांडत होती, तर नवल गाडी बंद करून बसून राहिला. त्या लांबलचक मानांचे, तोऱ्यात चालणारे पक्षी बघून यशोदाबाई म्हणाल्या, “दख, नवरदेवनी मावश्या निघन्यात!” तेव्हा दिपमाला इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी काही लवकर थांबेना. यशोदाबाईंनी ते हसण्याचंच धरलं.

दिपमाला धुळ्याची. वडील तिकडे शिक्षक, बोलणं शुद्ध, पण शेफारलेली नाही. लग्न होऊन सहा-सात वर्षं झाली, लगेच नवलबरोबर इकडे आली, वृद्धाश्रमात नोकरीला लागली. सासूशी तिचं फोनवरच जुळलं. आता या प्रवासात तर ती त्यांना फारसं काही करू देत नव्हती. सकाळी वेणी घालून द्यायची, पायांना तेल लावायचं, आणि सारखं विचारत राहायचं. कळण्याच्या भाकरीत उडीद किती, शेवभाजीचा मसाला आधी भाजायचा की नंतर. नवल रात्री बाहेर तंबू ठोकून झोपायचा. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. विचारलं तर म्हणाली, गाडीचा पट्टा लावला की रुततं. यशोदाबाईंनी या सगळ्याचा नीट अर्थ लावला. जिवाला जपतात पोरं. चांगलं आहे.

आणि अर्थ लावायला त्या किती आसुसल्या होत्या म्हणून सांगावं! कारण त्या रविवारी कानबाई बसायची होती.

खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी मांडायची, नथ घालायची आणि रोट करायचे. रोटांचे गहू कसे घ्यायचे? घरात जितके पुरुष तितक्या सव्वा मुठी. एक भरली मूठ, वर चिमूट. बायांची मूठ नसते. बाई नवऱ्याच्या मुठीतलं खाते. आणि ते रोट घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, सासरी गेलेल्या लेकीलाही नाहीत, परक्याची नजरसुद्धा पडू द्यायची नाही. उरवायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. घराला वाईट असतं ते.

भाऊबंदांतल्या झुलालकाकांशी शेताच्या बांधावरून वाजल्यापासून त्यांची कानबाई वेगळी झाली होती. मग नवऱ्याची, म्हणजे आबांची एक मूठ, नवलची एक. आबा गेले त्या वर्षी दुखवट्यात देवी बसलीच नाही. यंदा बसायची, तर मूठ एकच. उभ्या जन्मात यशोदाबाईंनी एका मुठीचे रोट केले नव्हते. या विचारानं त्यांना विमानातही झोप लागली नाही. पिशवीत घरचे गहू बांधून आणले होते, ते तिथल्या विमानतळावर काढून घेतले. धान्य आणायची सोयच नाही म्हणे त्या देशात. तेव्हा त्या तिथंच रडल्या. नवलला वाटलं, गव्हासाठी रडते.

रविवारी सकाळी मारी नावाच्या एवढ्याशा गावाबाहेर मुक्काम होता. समोर नदी होती, म्हणजे नदीची रेती होती. दिपमाला पहाटेच उठून दूर रेतीत फिरायला गेली होती. नवल चाकांची हवा बघत होता. यशोदाबाईंनी अंघोळ केली, ॲडलेडच्या भारतीय दुकानातला नारळ मांडला, स्वतःची नथ त्याला लावली आणि पिठाचा डबा पुढे घेतला. गहू नाहीत तर नाहीत, पीठ तर गव्हाचंच ना? माय समजून घेईल. त्यांनी मूठ भरली, वर चिमूट टाकली. “मना नवलनी,” म्हणाल्या. मग दाराकडे बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि दुसरी मूठ घेतली. पोरगा की पोरगी कुणास ठाऊक, पण आज मागायचा दिवस होता. “येनारानी,” त्या हळूच म्हणाल्या आणि दोन्ही मुठी एकाच परातीत मळल्या.

रोट झाले, खीर झाली, डांगराची भाजी झाली. तुपाचा वास बाहेर पसरला. यशोदाबाईंनी तिघांची ताटं वाढली आणि हाक मारली.

नवल येऊन बसला. दिपमाला पायरीपाशीच थांबली.

“ये ना बेटा. पयला घास तुना.”

“आई, मला नको.”

“काबर? आज नही म्हनाना दिन नही शे. आनि तू काय एकटीना जीव शे का आते?”

यशोदाबाई गालातल्या गालात हसत होत्या. दिपमालानं नवलकडे पाहिलं. नवल ताटाकडे बघत बसला होता, मख्खासारखा.

“आई,” दिपमाला म्हणाली, “बाहेरच्यांना रोट चालत नाहीत ना?”

“तू काय बाहेरनी शे? येडी का काय!”

मग नवल बोलला. ताटाकडे बघूनच बोलला. “माय, आम्हीन येगया व्हयनूत. कोर्टनं बी व्हई गयं.”

यशोदाबाईंना शब्द ऐकू आले. अर्थ पोचायला वेळ लागला.

“किती दिन व्हयनात?”

“आबा आजारी व्हतात तवयपास्ना. त्या गयात, मंग तुले कसं सांगू? मंग तुना व्हिसा उना. दिपाच बोलनी, आईले फिराडी आनू, मंग सांगसूत.”

“मंग ती उलटी?”

“रस्त्यानंच हो आई,” दिपमाला म्हणाली. तिचा आवाज इतका हळवा झाला की जणू अपराध तिचाच.

यशोदाबाई परातीकडे बघत राहिल्या. जन्मभर ओळखली ती उलटी, आणि आपल्याच घरची नेमकी चुकावी! त्यांना सुनेचा राग यायला हवा होता. तो येईना. स्वतःचाच आला, आणि त्याहून भीती वाटली ती परातीत मिसळलेल्या दुसऱ्या मुठीची.

“काय व्हयनं पन? मारं का यानं तुले? कोनी दुसरी शे?”

“नाही हो. असं काहीच नाही,” दिपमाला म्हणाली. “ह्याची रात्रपाळी, माझी दिवसपाळी. आधी बोलायला वेळ नव्हता. मग वेळ मिळाला, तर बोलायला काही नव्हतं.”

“मी राहसू ना आठे! मी रांधसू, घर दखसू. तुम्हीन फक्त सोबत जेवा.”

तिघांनाही माहीत होतं की यशोदाबाईंचा परतीचा दिवस ठरलेला आहे.

“पुढच्या महिन्यात मी पर्थला जातेय आई. नोकरी मिळालीय तिकडे.”

पर्थ कुठं आहे ते यशोदाबाईंना माहीत नव्हतं, पण दिपमालानं ते ज्या तऱ्हेनं सांगितलं त्यावरून ते पुष्कळ लांब आहे हे कळलं. त्यांनी रोटाचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला आणि हात पुढे केला. “खाई ले, बेटा. आठे कोन दखी राहिनं?”

खरंच कोण बघणार होतं! आसपास माणूस नव्हता. दिपमाला त्या हाताकडे बघत राहिली. तिला भूक लागलेली दिसत होती. पहाटेपासून पोटात काही नव्हतं. क्षणभर ती वाकलीही. मग तिनं मान हलवली.

“नको. नवलची एकच मूठ आहे आता तुमच्या घरात. तिला माझ्यामुळे काही व्हायला नको.”

एवढं बोलून ती पायरी उतरली. कानबाईचं जेवण बाहेरच्याच्या नजरेसमोर होत नाही, हे तिनं सासूकडूनच ऐकलं होतं. तिनं कॅरॅव्हॅनचं दार बाहेरून ओढून घेतलं. ते हळू लागावं म्हणून तिनं ते शेवटपर्यंत हातानं धरून ठेवलं होतं.

आत दोघं राहिली. नवलनं एक घास घेतला आणि तो चघळतच बसला. गिळवेना. “माले जात नही, माय,” तो म्हणाला आणि इतका मोठा बाप्या टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला. यशोदाबाईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. मग त्याचं ताट आपल्याकडे ओढलं. टाकायचं नाही, उरवायचं नाही. मळताना दोन मुठी एक झाल्या होत्या. न येणाऱ्याची मूठ आता वेगळी काढता येत नव्हती. ती कुणीतरी खायलाच हवी होती.

त्या खात राहिल्या. नवलचं ताट संपवलं, आपलं संपवलं, सुनेसाठी वाढलेलं पुढे घेतलं. पोट भरून गेलं होतं, घास खाली उतरत नव्हता. त्यांना जोराचा ठसका लागला. नवल दचकून उठला, पण पिण्याच्या पाण्याचा कॅन बाहेर खुर्चीपाशी होता.

दार चारच बोटं उघडलं. फटीतून दिपमालाचा हात आत आला, हातात पाण्याचा पेला होता. तोंड तिनं रानाकडे फिरवलं होतं. आतलं काही दिसू नये म्हणून डोळेही मिटून घेतले होते.

“आई, सावकाश,” ती म्हणाली.

यशोदाबाईंनी पेला घेतला. पेल्याबरोबर त्यांनी ती बोटंही धरली आणि ठसका थांबेपर्यंत धरूनच ठेवली. मग सोडली.