गुणाची बाटली

मित्रांनो, मी औषधाची एक जुनी बाटली आहे. परळच्या एका चाळीत मला 'गुणाची बाटली' म्हणत. ते नाव आठवले की आजही मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

तशी मी जन्माने औषधाची नव्हे. विलायतेहून सुवासिक पाणी पोटात घेऊन बोटीने आले आणि पाणी संपल्यावर भंगारात पडले. तिथून मला धोंडूने घेतले. धोंडू मूळचा मालवणकडचा, इथे गिरणीत कामाला. त्याला हिवताप आला होता, आणि त्या काळी दवाखान्यात रोग्याने आपली बाटली आपणच न्यायची असे. कंपाउंडरने माझ्यात कडू औषध भरले आणि पोटावर खाचा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवली. एका खाचेपर्यंत एक डोस. धोंडूला निम्म्यातच बरे वाटले. उरलेले टाकवेना, म्हणून त्याने मला देवांशेजारी फळीवर ठेवले.

पुढे शेजारच्या गंगुबाईंनी मुलाच्या तापासाठी माझ्यातले थोडे नेले. ताप उतरला. तो तसाही उतरणारच होता, पण नाव माझे झाले. दवाखान्यात जायचे म्हणजे गिरणीत खाडा. त्यात त्या वर्षी प्लेगची साथ. ताप आणि काखेत गाठ म्हटले की माणसाला उचलून नेत, म्हणून लोक डॉक्टरांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. त्यापेक्षा मी हाताशी होते. मीही मेली फुगून बसले होते.

मग धोंडूची बायको मालन आजारी पडली. तिची तान्ही कमल अंगावर पीत होती. मालनच्या छातीत दूध साठून गाठ झाली आणि ताप भरला. परक्या पुरुषाला हे दाखवायचे कसे, म्हणून ती गप्प राहिली आणि माझ्यातले घोट घेऊ लागली. त्या कडू औषधाने कानांत घूं घूं होई, गाठ मात्र वाढतच चालली. कमलला जवळ घेताच ती कळवळे, आणि पोर उपाशी रडे. माझ्या पोटात त्या दुखण्याचे औषधच नव्हते. मला तिच्या तोंडाला लागायची लाज वाटू लागली.

औषध तळाला गेले तसा धोंडू मला घेऊन दवाखान्यात गेला आणि यातलेच आणखी द्या म्हणाला. कोणाला काय होतेय, असे डॉक्टरांनी विचारले. बायकोची छाती असे भरल्या दवाखान्यात कसे म्हणायचे? त्याने सांगून टाकले की ताप मलाच आहे आणि गाठही माझ्याच काखेत आहे. बाकावरची माणसे एकदम लांब सरकली. डॉक्टरांनी त्याची काख चाचपली. काहीच नव्हते. मग गाठ घरात कोणाला आहे, असे त्यांनी दरडावून विचारले. धोंडूने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले होते.

"माका नाय," तो खाली बघत म्हणाला. "बायलेक झाली हा. छातीक."

कोणी हसले नाही. डॉक्टरांनी मालनला त्याच दिवशी बायकांच्या इस्पितळात पाठवले. तिथे डॉक्टरणीने गाठ कापली. आणखी उशीर झाला असता तर मालन हाती लागली नसती, असे डॉक्टरीण म्हणाली.

मालन घरी आली. इस्पितळाचे धोंडूने चाळीत कोणाला कळू दिले नव्हते. कशाने गुण आला, असे चाळ विचारू लागली. धोंडूने पुन्हा लाजेने फळीकडे बोट दाखवले. गंगुबाईंनी मला कुंकू लावले. मित्रांनो, त्या वेळी फळीवरून पडून फुटले असते तर बरे झाले असते!

काही दिवसांनी पलीकडच्या खोलीतली शांती आली. तिचेही मूल तान्हे होते. पदराखाली एक हात दाबून धरून तिने हळूच मला मागितले. मालनने मला तिच्या हातात दिले. मग काय वाटले कोण जाणे, तिने उठून दार लावले, चोळीची गाठ सोडली आणि शांतीला वण दाखवला.

"त्या बाटलीन काय्येक झाला नाय गो," ती म्हणाली. "ह्येनी लाजेन खोटा सांगितल्यानी. डाक्टरणीन कापल्यान, म्हणान मी वाचलंय. चल, मी येतंय तुझ्याबरोबर."

शांती रडू लागली. थोड्या वेळाने तिने मला खाली ठेवले आणि दोघी पोरांना कडेवर घेऊन निघाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणाच्या तरी जुन्या दुखण्याचे उरलेले औषध असेल. मागायला कोणी आले तर ते देऊ नका, त्या माणसाबरोबर दवाखान्यात जा.