खारूची गादी

माईंचं पाळणाघर चांगलं होतं, असं नुसतं म्हणून बघा, गल्लीतल्या बायका तुमच्या अंगावर धावून आल्या असत्या. चांगलं? अहो, पोर पोटात असतानाच लोक नाव घालून ठेवायचे! रडणाऱ्या पोराला "गप्प बस" म्हणायची तिथे कुणाची टाप नव्हती. माई गुडघ्यांवर बसायच्या, पोराच्या डोळ्यांच्या उंचीला यायच्या आणि म्हणायच्या, "रड हं. मी इथेच आहे." पोराची नजर चुकवून आईबापांनी सटकायचं नाही, "जाते, संध्याकाळी येते" असं तोंडावर सांगून जायचं, मग पोरगं भोकाड का पसरेना. कुणाला पाठीवर थोपटलेलं लागतं, कुणाला कपाळावर, कोण दुसऱ्याचा कान धरून झोपतं, हे सगळं माईंच्या बोटांना पाठ. आणि सगळ्यांत कडक नियम हा, की सांभाळणाऱ्या बाईने स्वतःचं मूल त्याच खोलीत आणायचं नाही. माई म्हणायच्या, "आपलं पोर समोर असलं की हात आपोआप तिकडेच वळतो. मग परक्याच्या पोराने बघायचं कुणाकडे?"

लोक माना डोलवायचे. वा, काय बाई आहे! पण ज्या पोरीला त्या नियमाने बाहेर ठेवलं तिला कुणी काही विचारलं नाही. माईंना एक लेक होती. भिंतीपलीकडे शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे, चिंध्यांच्या ढिगात बसून ती दिवस काढायची. दुपारी मशीन थांबलं की भिंतीतून आईची अंगाई ऐकू यायची, दुसऱ्यांच्या पोरांसाठी म्हटलेली. संध्याकाळी आई घरी यायची ती गळा बसलेली, अंगात त्राण नसलेली. लेक मोठी झाली, दूरच्या शहरात दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली, अधूनमधून फोन करत राहिली. एकच गोष्ट तिच्या घशात कायमची अडकून बसली होती: हिला मी कधी हवी होते का? विचारीन विचारीन म्हणता म्हणता माई गेल्या.

आता ती आली होती पाळणाघर बंद करायला. पालक हातापाया पडले, "निदान महिनाअखेरपर्यंत तरी चालवा हो, पोरांना आम्ही कुठे ठेवायचं?" म्हणून तिने रजा वाढवली. पोरांविषयी माया बिया काही नव्हती हो तिला. खरं सांगायचं तर राग होता. तिच्या वाटणीचं जे काही होतं, ते या चिल्ल्यापिल्ल्यांनी फस्त केलं होतं.

पहिल्याच दुपारी मदतीच्या मावशींनी गाद्या घातल्या, तर खिडकीखाली एक गादी जास्तीची.

"ही कुणाची, मावशी?"

"असू द्या ताई. माई रोज घालायला लावायच्या, म्हणून घातली."

तिने गादी गुंडाळायला घेतली, तोच मागून आवाज आला, "ती खारूची आहे." बोलणारी मुलगी म्हणजे टकमक. झोपेच्या वेळीही टकमक बघत पडायची म्हणून तिला सगळे तेच म्हणत.

लेकीचे हात गादीवरच थांबले. लहानपणी ती प्रत्येक घास गालात साठवून ठेवायची, गिळायचीच नाही, म्हणून आई तिला खारू म्हणायची. घरातल्या घरात, आणि तेही फक्त आईच. शाळेत जायला लागल्यावर लाज वाटून तिने ते नाव बंद करायला लावलं होतं. ते ठाऊक असलेलं माणूस आता जगात उरलं नव्हतं.

"कोण खारू?" तिने विचारलं.

"खारू गं. ती अजून आली नाहीये," टकमक म्हणाली. दूधवाला अजून आला नाही, हे सांगावं तशी.

मग हे रोजच सुरू झालं. फळांच्या फोडी वाटल्या की बशीत एक उरायची आणि तिला कुणी हात लावायचं नाही, ढब्बूसुद्धा नाही, जो एरवी दुसऱ्याच्या तोंडातलं काढून खायचा. हात धुवायच्या रांगेत मध्येच एक जागा मोकळी सुटायची. माई गेल्यानंतर, महिनाअखेरपुरतं म्हणून घेतलेलं एक नवं पोर होतं, त्याला धड बोलताही येत नव्हतं. तेही धावता धावता त्या गादीपाशी थबकलं, बोट ओठांवर ठेवलं आणि गादीला वळसा घालून गेलं.

"मी सांगते ताई, जागा झपाटलीय," मावशी कुजबुजल्या. "पूर्वी एखादं पोर गेलं असणार इथे. मी आपली लेकराबाळांची बाई, मला नाही बाई झेपायचं हे."

"कुणी गेलेलं नाही, मावशी."

"मग ही खारू कोण?"

काय सांगणार? खारू धडधाकट होती, मावशींच्या समोर उभी होती, आणि या घरातलं भूतही तीच होती. तिला वाटायचं, आपण खोलीच्या आत आहोत, आणि तरी कुठेतरी भिंतीपलीकडे बसूनच हे सगळं ऐकतोय.

शेवटी एका सकाळी तिने ती गादी उचलली, कपाटात कोंबली आणि कुलूप घातलं. त्या दुपारी एकही पोर झोपलं नाही. रडलंही कुणी नाही, आणि तेच फार भयंकर होतं. सगळी आपापल्या गादीवर उठून बसली आणि खिडकीखालच्या मोकळ्या फरशीकडे बघत राहिली.

"आता ती कुठे झोपणार?" टकमकने विचारलं.

"खारूबिरू कुणी नाहीये! कळलं? कुणी नाहीये!"

एवढ्या मोठ्याने त्या खोलीत आजवर कुणी बोललं नसेल. नव्या पोराचा खालचा ओठ थरथरायला लागला. ढब्बूने आपली उशी पोटाशी घट्ट धरली. लेकीला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. ती कधी गुडघ्यांवर बसली ते तिचं तिलाच कळलं नाही. "रड हं," ती नव्या पोराला म्हणाली, "मी इथेच आहे." म्हटल्यावर ती दचकली, कारण आवाज आपला आणि बोलणं आईचं. पोरगं रडलं, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून शांत झालं. तिने कुलूप काढलं, गादी होती तिथे पुन्हा घातली आणि एकेकाला थोपटत सुटली. चुकतमाकत, कुणाला पाठीवर, कुणाला कपाळावर. हळूहळू खोली निजली. मावशी स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. टकमक मात्र जागीच होती.

लेक तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "खारूबद्दल तुला माईने सांगितलं?"

"मी बघितलं."

"काय बघितलं, बाळा?"

टकमकने आधी सगळ्यांकडे नजर टाकून खात्री करून घेतली. "सगळे झोपले ना, की माई तिला झोपवायची. तिथे बसायची आणि असं असं करायची." तिने हवेत हात हळूहळू वरखाली केला. "त्या गादीला. आणि म्हणायची, तुझी पाळी सगळ्यांत शेवटी गं खारू, रागावू नकोस."

"रोज?"

"रोज. मग रडायची. मी डोळे मिटून घ्यायची, तिला कळू नये म्हणून."

लेकीने तोंडावर हात दाबून धरला. इतकी वर्षं! भरल्या घरात, परक्या पोरांच्या मध्ये, रोज! आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस, आई. मी फोन ठेवायची घाई करायचे, तेव्हा तरी सांगायचंस. तिला रडू आवरेना, पण पोरं उठतील म्हणून आवाज काही तिने काढला नाही.

"तू का रडतेस?" टकमकने विचारलं.

"मीच खारू आहे गं."

टकमकला त्यात काही नवल वाटलं नाही. "मग झोप ना," ती जरा दटावूनच म्हणाली. "किती उशीर केलास!"

गादी एवढीशी होती. लेकीने पाय पोटाशी घेतले, टकमककडे कूस वळवली आणि डोळे मिटले. पाठीवर इवलासा हात आला. थोपट, थोपट. मध्येच दम खायला थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. तिच्या अंगातली ताठ शीर न् शीर सैल पडत गेली. थोपटणं आता संथ झालं होतं, ठाय लयीत, आणि हात जड झाला होता.

कशाने कोण जाणे, तिने डोळे किलकिले केले. टकमक तिच्या समोर होती. तिच्याकडे तोंड करून, दोन्ही मुठी गालाखाली घेऊन गाढ झोपलेली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालूच होता.

पाठीवरचा हात थांबला नव्हता.

किंचाळावं, ताडकन उठावं, असं तिला वाटायला हवं होतं. वाटलं एवढंच, की वळून बघितलं तर हा हात थांबेल. तिने डोळे घट्ट मिटून घेतले, मुलं मिटतात तसे, आणि खोटं खोटं झोपून राहिली.