पाऊण तोळा शाई

सतरा सप्टेंबर दोन हजार पाच रोजी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी दिलशाद शेख यांनी आपल्या दहा बाय बाराच्या दुकानातून जाहीर केलं, की मराठवाडा निजामाच्या हातून सुटला त्याला आज सत्तावन्न वर्षं झाली, तेव्हा हे दुकानही आजपासून स्वतंत्र समजावं. यापुढं इथं कुठल्याही कंपनीचा हुकूम चालणार नाही. घोषणा ऐकायला एकट्या महानंदाकाकू हजर होत्या, आणि त्या दळणाचा डबा ठेवायला आल्या होत्या. घोषणा संपते न संपते तोच प्रिंटरनं एकदम सहा कागद तोंडात ओढले. ते त्यानं गिळलेही नाहीत आणि सोडलेही नाहीत.

"तुझ्या प्रिंटरला अजून कळलेलं दिसत न्हाई," काकू म्हणाल्या. डबा ठेवला आणि गेल्या.

लातूरच्या ज्या गल्लीत हे दुकान होतं, तिथं पूर्वी तीन डाळमिली आणि एक सोनार होता. मिली गेल्या आणि त्यांच्या गोदामांत क्लासेस आले. पूर्वी तिथं तुरीची डाळ तयार व्हायची, आता डॉक्टर तयार होत. टरफलं दोन्ही धंद्यांत निघतच. सोनारही वारले होते, पण त्यांचं दुकान महानंदाकाकू चालवत. काकूंना हिशेबापेक्षा तराजूवर भरवसा जास्त. काचेच्या पेटीतला तो जुना पितळी तराजू इतका नाजूक होता, की समोर कुणी उसासा टाकला तरी पारडं मान डोलवी.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर या तराजूला दुसरीही नोकरी लागली. त्या दिवसांत लातुरात घरोघरी आपापलं भूकंपाचं यंत्र होतं. कुणी पेल्यावर पेला उपडा ठेवून निजे, कुणी खुंटीला घंटी टांगे. सरकारी यंत्रापेक्षा लोकांना आपल्या पेल्यावर जास्त विश्वास. काकूंकडं तराजू होता. पारडं हाललं, की काकू "हाललं" म्हणत आणि गल्ली बाहेर येई. पुढं पेले स्वयंपाकघरात परत गेले, घंट्या देवघरात गेल्या; काकूंचं लक्ष मात्र बारा वर्षं पारड्यावरून हललं नाही.

दिलशाद मूळची औशाची. भूकंपाच्या त्या पहाटे ती अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पळाली आणि मागं भिंत पडली ती नेमकी तिच्या टायपिंगच्या मशीनवर. माणसं वाचली म्हणून सगळ्यांनी अल्लाचे आभार मानले. तिनंही मानले, पण मशीनपुरते थोडे हातचे राखले. नंतरची अकरा वर्षं कोर्टासमोरच्या झाडाखाली दुसऱ्यांच्या मशीनवर बोटं बडवण्यात गेली. हा संगणक आणि हा प्रिंटर मात्र तिचे स्वतःचे होते, आणि त्यांच्यावर दुसऱ्या कुणी हुकमत गाजवलेली तिला खपत नव्हती.

हुकमत गाजवायला दगडोबा येत असे. त्याच्या कार्डावर 'डी. के., सर्व्हिस इंजिनिअर' असं छापलेलं होतं, पण बारसं गल्लीतच झालेलं असल्यामुळं त्याचा काही उपयोग नव्हता. संगणकात विंडोज त्यानंच टाकून दिलं होतं, अर्थात चोरीचं. वर्षभरानं त्या विंडोजनं पडद्यावर विचारायला सुरुवात केली, की तुम्ही चोर तर नाही ना? तेव्हा दगडोबाच खरं विंडोज विकायला आला. प्रिंटरचंही तेच. आत शाई खळखळताना ऐकू येई आणि पडद्यावर चौकट उगवे: शाई संपली, नवीन काड्रिज घ्या. चौकटीला 'नाही' म्हणायची सोय नव्हती.

"काड्रिज रिकामं न्हाई," दिलशाद म्हणाली.

"मॅडम, मशीन रिकामं म्हणतंय."

"मी भरलेलं म्हणून राहिले. दुकान मशीनचं हाय का माझं?"

दगडोबानं यावर विचार केला. "दुकान तुमचंच हाय," तो म्हणाला, "पण मशीनला कसं सांगणार?"

सांगायचं कसं, ते तिला भाच्यानं शिकवलं. हमजा नांदेडला इंजिनिअरिंगला होता. त्यानं विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स नावाची सीडी पाठवली. फुकट, परदेशातून आलेली, वर माणसांनी हातात हात धरल्याचं चित्र. पोस्टमननं ती देताना पाकीट दोनदा उलटंपालटं करून पाहिलं आणि हे काही धर्माचं आहे का, असं विचारलं. दिलशाद म्हणाली, "कंपनी सोडायचं हाय."

विंडोज पुसलं गेलं. मग प्रिंटर जोडायचा होता. फोन कानाला, एक बोट कळफलकावर.

"खाला, इंटरनेटच्या खिडकीत लोकलहोस्ट लिहा, पुढं दोन टिंबं, आणि सहाशे एकतीस."

"इंटरनेट कुठाय आपल्याकडं?"

"लागत न्हाई. ते तुमच्याच मशीनच्या आतलं दार हाय."

दार उघडलं. आत 'प्रिंटर जोडा' असं होतं. मग कंपन्यांची यादी, मग मॉडेलांची यादी, आणि त्यात तिचं मॉडेल नव्हतं.

"त्याच्या मोठ्या भावाचं नाव लावा," हमजा म्हणाला. "एका घरातले हाईत, चालून जातं."

मोठ्या भावाच्या नावावर धाकटा बिनतक्रार छापू लागला. हे त्या गल्लीत तसं नवं नव्हतं. भावाच्या नावावर प्रवेश घेतलेली दोन पोरं समोरच्या क्लासात बसत होती. राहिला प्रश्न शाईचा. हमजानं एक आज्ञा सांगितली. ती काळ्या पडद्यावर लिहिली, की प्रिंटर आपली शाई टक्क्यांत सांगे. दिलशादनं रिकाम्या काड्रिजमध्ये सुईनं गच्च रंगीत शाई भरली आणि आज्ञा दिली. पडदा म्हणाला, तीन टक्के.

"हे पण खोटं बोलून राहिलं रे."

"खोटं न्हाई खाला. ते शाई बघतच न्हाई, थेंब मोजतं. इतके थेंब उडाले म्हणजे इतकी संपली. तुम्ही वरून भरली हे त्याला कुणी सांगावं?"

"म्हंजे रेशनचा कारकून झाला. पोत्यात न बघता वहीत बघून माल संपला म्हणणारा."

"हाव. पण विंडोजवाला दुकान बंद करतो. हा नुसतं सांगतो, अडवत न्हाई."

दिलशादला एवढं पुरेसं होतं. अडवत नाही, म्हणजे मोजायचं आता आपण. ती रिकामं काड्रिज आणि भरलेलं काड्रिज घेऊन काकूंकडं गेली. काकूंनी एका पारड्यात रिकामं ठेवलं, दुसऱ्यात भरलेलं, आणि रिकाम्याच्या बाजूला वजनं टाकत गेल्या. दांडी सरळ झाली तेव्हा काकू म्हणाल्या, "तोळाभर भरलं. शाईचं मंगळसूत्र करायचं हाय का?"

दिलशादनं छापून पाहिलं. फोटोसकट एक प्रवेशपत्र, अशी वीस छापली की एक मासा शाई उतरे. तोळ्याचे बारा मासे. तिनं हे खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं. पडद्यावर टक्के आणि भिंतीवर मासे, आणि विश्वास भिंतीवर.

प्रवेशपत्रं रामलिंग सरांची होती. डॉक्टर होण्यासाठी परीक्षा असते, त्या परीक्षेसाठी सरांचा क्लास असतो आणि त्या क्लासात शिरण्यासाठी सरांनी आता परीक्षा ठेवली होती. या परीक्षेचाही एक क्लास पुढच्या गल्लीत निघाल्याची बातमी होती. दोनशे चाळीस पोरांची, रंगीत फोटोची प्रवेशपत्रं शनिवारी चारच्या आत हवी होती. सरांनी अट सरळ घातली. वेळेत झाली, तर वर्षभराचं सगळं छपाईचं काम दिलशादताईंचं. नाही झाली, तर दगडोबाचं. तो म्हणतोय या मशीनवर होणारच नाही.

दिलशादला समोर कोर्टापुढचं झाड दिसलं. "होतील," ती म्हणाली.

शनिवारी काकूंनी तराजूची पेटी दिलशादच्याच टेबलावर आणून ठेवली, उगाच दर वेळी ये-जा नको म्हणून. स्वतः स्टूल घेऊन शेजारी बसल्या. दोन वाजेपर्यंत शंभर प्रवेशपत्रं निघाली, मधे दिलशादनं सुईनं दोन मासे शाई वरून भरलीही, आणि तरी पडदा म्हणाला: रंगीत शाई, शून्य टक्के. नेमके तेव्हाच रामलिंग सर दारात आले, आणि मागं दगडोबा, काखेत कंपनीचा नवा प्रिंटर खोक्यासकट.

"शून्य," दगडोबानं सरांना वाचून दाखवलं. सर गणिताचे होते, पण वाचून दाखवल्यावर त्यांनाही पटलं.

"ताई, दोन तास राहिले. ह्याला बसू द्या आता. राग धरू नका."

"सर, तुमच्या क्लासात पोराला शून्य पडलं तर काय करता?"

"पुन्हा तपासतो. त्याची वेगळी फी हाय."

"मग मी बी तपासते, फुकट." तिनं काड्रिज काढून एका पारड्यात ठेवलं, दुसऱ्यात रिकामं. काकूंनी वजनं टाकली, एक काढलं, डोळा बारीक केला.

"पाऊण तोळा."

"म्हंजे नऊ मासे," दिलशाद म्हणाली. "एकशे ऐंशी निघतील. लागतात एकशे चाळीस. तुम्हीच बघा सर, गणित हाय."

सरांनी गणित केलं. ते बरोबर आलं, त्यामुळं त्यांची पंचाईत झाली. दगडोबा म्हणाला, शाई कुठं गुंजा-माशांत मोजतात का, जगात असं कुठं करत नाहीत. दिलशाद म्हणाली, जगाकडं काकूंचा तराजू न्हाई. तिनं काड्रिज परत बसवलं आणि बटण दाबलं. शून्य टक्क्यांतून एका पोराचा लालभडक स्वेटर बाहेर आला. मग दुसऱ्याची निळी भिंत. दगडोबा प्रत्येक कागद उजेडाला धरून पाहू लागला, जणू शाई खोटी असेल.

तीसएक छापून झाल्यावर दिलशादनं घाईपोटी कागदांचा गठ्ठा जाड लावला आणि छपाईचा वेग वाढवला. प्रिंटरचं डोकं आत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू लागलं. टेबल हललं, टेबलावरची पेटी हलली, पेटीतलं पारडं डोलू लागलं. काकूंनी ते पाहिलं. बारा वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट समोर घडत होती. शेजारी प्रिंटर आहे हे त्यांच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं.

"हाललं," काकू म्हणाल्या आणि स्टुलासकट रस्त्यावर गेल्या.

लातुरात हा शब्द दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही. समोरच्या गोदामातून चारशे पोरं वह्या डोक्यावर धरून बाहेर आली. वरच्या मजल्यावरचे जीवशास्त्रवाले जिन्यावरून न येता पन्हाळीवरून आले. रामलिंग सर सगळ्यांच्या आधी रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि शिस्तीत बाहेर या असं सांगत होते. दगडोबा मात्र पळाला नाही. भूकंपानंतर सरकारनं गावोगाव शिकवलं होतं, की आधी मेन स्विच बंद करायचा, मग बाहेर पडायचं. तो इमानानं बोर्डाकडं धावला.

दिलशाद बोर्डापुढं उभी राहिली.

"बटणाला हात लावायचा न्हाई."

"मॅडम, भूकंप हाय."

"असू दे. मधे लाइट गेली तर कागद अर्धा, डोकं तिथंच अडकून वाळणार. बत्तीस नंबर चालू हाय."

"जीव जाईल."

"तुमचा जाऊ नये. दार उघडं हाय."

दगडोबानं तिच्याकडं पाहिलं, छताकडं पाहिलं आणि कंपनीचा प्रिंटर उचलून पळाला. दिलशाद एकटी राहिली. पारडं डोलत होतं. हे प्रिंटरमुळंच, हे तिला नव्वद टक्के ठाऊक होतं. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी प्रिंटर थांबवून पाहावं लागलं असतं. बाहेरून काकू पारड्यावर नजर ठेवून तिच्या नावानं हाका मारत होत्या. तिच्या पायांना औशाची ती पहाट आठवली आणि ते दाराकडं वळले. तिनं त्यांना परत बोलावलं. एक मशीन सोडून पळाले, ती म्हणाली, तेवढं बास झालं. ती खुर्ची ओढून टेबलाला पोट लावून बसली आणि दोन्ही हातांनी प्रिंटर धरून ठेवला, माहेरच्या माणसाला धरावं तसा.

कागद घ्यायला प्रिंटर थांबला. पारडं थांबलं. प्रिंटर धावू लागला. पारडं डोललं.

दिलशादनं हे पाच-सहा वेळा पाहिलं. मग बाहेर जाऊन सांगावं असा विचार तिच्या मनात आला, आणि तो तिनं काही वेळ राखून ठेवला. दुकानात सल्ला द्यायला कुणी नसल्यानं काम फार छान चाललं होतं.

पावणेचारला प्रिंटरनं शेवटचं प्रवेशपत्र बाहेर ढकललं. पारडं निश्चल झालं, तसे काकूंच्या परवानगीनं लोक आत आले. पडदा अजून शून्य म्हणत होता. दिलशादनं काड्रिज काढून काकूंच्या हातात दिलं. त्यांनी तोललं.

"दोन मासे हाईत अजून."

"चाळीस पोरं वाढली तरी चालतील सर."

रामलिंग सरांनी गठ्ठा मोजला, मग पुन्हा मोजला. दगडोबानं खोकं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

"मॅडम, हे भूकंपात चालू होतं?"

"हाव. कंपनीला कळवा."

सर घसा साफ करून म्हणाले, "ताई, शब्द दिला म्हंजे दिला. वर्षाचं काम तुमचं." दिलशादनं मान हलवली. या क्षणाला साजेसं काहीतरी बोलावं म्हणून ती उठून उभी राहिली. निजामापासून सुरुवात करावी असं तिच्या मनात होतं.

तेवढ्यात सरांची नजर वरच्या कागदाच्या तळाशी गेली. तिथं 'संचालकाची सही' असं लिहिलेलं होतं आणि पुढं जागा मोकळी होती. दोनशे चाळीस कागदांवर. दारात पोरांची रांग लागली होती. सरांनी खिशातला पेन काढून झटकला, तळहातावर ओढून पाहिला, पुन्हा झटकला.

"ताई," ते म्हणाले, "एखादा पेन असंल का?"