डाव्या बाजूचा अंधार

मी एक जुना बूट आहे, जोडीतला डावा. मित्रांनो, वेल्समधल्या लानेल्ली गावी इझाया चांभाराने मला शिवले. चिखलात पाय घसरू नये म्हणून त्याने माझ्या तळाला चामड्याच्या पट्ट्या ठोकल्या. मला विकत घेतले एलिस बेनॉनने. तो पत्र्याच्या कारखान्यात भट्टीवर काम करी आणि शनिवारी रग्बी खेळे.

वेल्सचा संघ तेव्हा नुकताच उभा राहत होता. एलिस त्यात निवडला गेला. पहिल्या सामन्यानंतर गावकऱ्यांनी त्याला स्टेशनापासून घरापर्यंत खांद्यावरून आणले. माझा चिखल त्यांच्या ठेवणीतल्या कोटांना लागला, पण कोणी रागावले नाही.

चौथ्या सामन्यात कुणाचा तरी गुडघा त्याच्या कपाळावर बसला. तो उठला आणि खेळत राहिला. पुढच्या सरावाला मात्र मी मैदानाच्या कडेच्या बादलीवर जाऊन आदळलो. बादली भर उजेडात होती, पण त्याच्या डावीकडे होती.

"काय एलिस, देशाकडून खेळायला लागल्यापासून बादल्या दिसेनाशा झाल्या होय?" हॉपकिन म्हणाला. हॉपकिन त्याचा भट्टीवरचा सोबती, आणि संघातलाही.

सगळे हसले, एलिसही हसला. माझ्या आत मात्र त्याची बोटे आकसली होती. त्या दिवसापासून त्याने पाय घातला की मला धडकी भरे.

एका संध्याकाळी त्याची बायको ग्वेनलियन हिने त्याच्या डाव्या हाताशी चहा ठेवला. तो उजवीकडे शोधू लागला. मी चुलीपाशी वाळत होतो.

"डाव्या डोळ्याने दिसत नाही ना तुला?" तिने हळूच विचारले.

"कुणाला बोलू नकोस. संघातून काढतील, भट्टीवरूनही काढतील."

"आणि दुसराही गेला तर?"

तो मला उचलून माझी नाडी उगीचच आवळू लागला.

पाचवा सामना स्कॉटलंडशी होता. डावीकडून कुणी धावत आले की तो मान गरकन वळवी, आणि मी एक पाऊल मागे सरके. अखेर चेंडू डावीकडून उंच आला. तो कुठे आहे हेच एलिसला कळेना. धावत येणाऱ्यांच्या पावलांनी जमीन हादरू लागली, तरी मी जागचा हललो नाही. हॉपकिन एलिसच्या वाटणीचा चेंडू झेलायला आडवा धावला आणि तिघांच्या खाली सापडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो आजही माझ्या कानातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी हॉपकिनच्या खाटेशी बसून एलिसने सगळे सांगितले.

"वेड्या," हॉपकिन म्हणाला, "आधी बोलला असतास तर सबंध सामनाभर तुझ्या डावीकडे उभा राहिलो असतो."

हॉपकिनचा पाय पुढे जुळला, पण आखूड राहिला. एलिस पुन्हा मैदानात उतरला नाही. भट्टीही त्याने स्वतःच सोडली आणि गोदीच्या फाटकावर चौकीदारी धरली. मी कोळशाच्या खोलीत पडलो. कातडे तडकले, उंदरांनी टाच कुरतडली.

मित्रांनो, आपले बूट पुसून ठेवत जा, एवढे मागणे आहेच. पण त्याहून मोठे एक आहे. भीती वाटली, तर जवळच्या माणसाला सांगा. आम्हा बुटांना नाडीखाली जीभ असून बोलता येत नाही. तुम्हाला येते.