न दिसलेला बाण

संस्थावाल्यांनो, त्या माणसाचे डोळे तुम्ही घालवलेत. वयाने गेले नाहीत, नशिबाने गेले नाहीत, तुमच्या चिकटपणाने गेले. हे तुमच्या तोंडावर आजवर कोणी बोललं नाही, म्हणून आधी हेच.

माणूस वेल्डर. तुमच्या धनुर्विद्येच्या मैदानावरचं सगळं लोखंड त्याच्या हातचं: लक्ष्यांचे स्टँड, मागच्या जाळीचे खांब, पत्र्याची शेड, फाटक. तोंडापुढे धरायच्या शील्डची काळी काच तडकली तेव्हा त्याने नवी मागितली. संस्थेचे सचिव म्हणाले, "हा मोसम निभावून न्या, काका. पुढच्या मोसमात बघू." पुढचे मोसम आले आणि गेले. वेल्डर डोळे बारीक करून सांधे जोडत राहिला आणि घरी येऊन डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडत राहिला.

त्याची मुलगी त्याच मैदानावर तिरंदाजीचा सराव करायची. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. धनुष्य हातात आलं आणि पोरगी खांबासारखी उभी राहायला शिकली. एक खोड मात्र जाता जाईना. बाण सुटायच्या आधीच तो कुठे लागला ते बघायची घाई. मान वळायची, हात पडायचा, बाण भलतीकडे. प्रशिक्षकांनी हात टेकले. शेवटी औषध बापानेच काढलं.

"तू बाण सोड नि डोळे मीट. कुठे लागला ते बघणं माझं काम."

तेव्हापासून तसंच. भिंगरी रेषेवर, आणि मागे बाप दुर्बिणीला डोळा लावून. बाण सुटला की ती डोळे मिटायची, पाठीमागून आवाज यायचा, "पिवळा." पिवळा म्हणजे मधला, सगळ्यात मोलाचा. नाहीतर, "लाल, जरा डावीकडे." तेवढ्यावर ती धनुष्यावरची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, सरकवायची. बाण डावीकडे तर साइटही डावीकडे, हा उलटा वाटणारा हिशेब तिला झोपेतही चुकत नसे. बाण काढून आणायलाही बापच जायचा. तिने लक्ष्याकडे फिरकायचंही नाही, असा दोघांचा करार.

बाकीची पोरं चिडवायची. "भिंगरे, रस्तासुद्धा बाबाच ओलांडून देतात का गं?"

"देतात. तुझ्यासारखं माकड आडवं आलं की आधी सांगतात."

निवड चाचणीच्या सकाळी वारा उजवीकडून होता. पहिल्या फेरीत प्रत्येक बाणाला मागून तोच शांत आवाज आला, "पिवळा." तिने साइटला हात लावला नाही. चाचणीत बाण काढायला खेळाडूलाच जावं लागतं, मागच्या माणसाला रेष ओलांडू देत नाहीत. शिट्टी झाली आणि ती चालत लक्ष्यापाशी गेली.

सगळे बाण निळ्यात होते, पिवळ्यापासून दोन पट्टे बाहेर. डावीकडे, एकमेकांना खेटून, एका मुठीत मावतील असे. हात चोख होता. इतका चोख हात तिचा आधी कधी पडला नव्हता. नुसती साइट जराशी डावीकडे घ्यायची होती, आणि ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"काढ ना बाई, लोक थांबलेत," पंच म्हणाले.

परत आली तर बाप हसत होता. "काय मग? सगळे मधे ना?"

"हो, बाबा," ती म्हणाली, आणि पाठ करून साइट सरकवली.

साइट आता बरोबर होती. पण पुढचा बाण सुटला, मागून "पिवळा" ऐकू आलं, आणि ते खरं की खोटं हे बघायला तिची मान वळली. संपलं. घालवलेली खोड घरचा रस्ता माहीत असल्यासारखी परत आली. हात पडू लागला. बाण लाल, काळा, पांढरा असे विखुरले. मागून मात्र पिवळा, पिवळा. शेवटचा बाण लक्ष्याच्या खालून गवतात शिरला. "पिवळा," बाप म्हणाला, आणि शेजारी कोणीतरी फसकन हसलं.

सचिव तिथेच होते. "काका, दिसत नाही तर दुर्बिणीला डोळा कशाला लावता? पोरीचं वाटोळं केलंत."

चोराच्या उलट्या बोंबा. बापाने दुर्बीण पुसली, ती पिशवीत घालायला लागला, तर झाकण सापडेना. झाकण त्याच्या समोरच होतं. तिने ते हळूच त्याच्या हाताखाली सरकवलं.

घरी आल्यावर तिने विचारलं, "कधीपासून, बाबा?"

"कडेचं दिसतं गं. खिडकी दिसते, दार दिसतं. जिथे रोखून बघतो तेवढंच जातं."

"मग सरावात बरोबर कसं सांगायचात?"

"बाण काढताना बोटांनी चाचपायचो. आधीच्या फेरीवरून पुढचं सांगायचो."

"आणि आज?"

"आज जाऊ देत नव्हते ना." त्याने दुर्बिणीची पिशवी जवळ ओढली. "मला वाटलं, दिसत नाही म्हणजे मधेच असणार. तुझा बाण दुसरीकडे कशाला जाईल?"

चांगलं फाडून बोलायचं ठरवून ती बसली होती. तोंडून एवढंच निघालं, "मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुझ्यामागे दुसरं कोणी उभं केलं असतं त्यांनी."

झालंही तसंच. पहारेकऱ्याला हुकूम सुटला. "काका, तुम्हाला आत सोडायचं नाही म्हणालेत. मी तरी काय करू?" भिंगरीच्या मागे संस्थेने आपला माणूस दिला. नजर घारीची, आवाज खणखणीत. तिने दोरी ताणली, हनुवटीला टेकवली, आणि बोटं उघडेनात. तिने दोरी परत आणली. पुन्हा ताणली. पुन्हा परत आणली. मागचा माणूस म्हणाला, "सोड की." त्या दिवशी एकही बाण सुटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मग ती सचिवांच्या खोलीत गेली.

"साहेब, बाबांना आत येऊ द्या."

"अगं, त्यांना दिसत नाही."

"माहीत आहे. कुठे लागला ते मीच बघेन. हात पडेल, पडू दे. त्यांनी नुसतं मागे उभं राहायचं."

"उभं राहून काय उपयोग?"

"मला आहे."

सचिवांनी मोबाइल उलटा ठेवला, मग सुलटा केला. "बस ना, पाणी घे."

ती बसली नाही. खिडकीतून रस्त्यापलीकडचा बाप दिसत होता. तो फाटकाकडे सरळ बघत नव्हता. मान थोडी बाजूला वळवून उभा होता, म्हणजे पोरगी बाहेर येताना निदान कडेने दिसेल.

"साहेब, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा," ती म्हणाली. "पण बोला. त्यांना बाहेर जाऊन काय सांगू?"