उकडलेला कोंबडा

स्वयंपाकघरात मुंगी शिरायला जागा नव्हती. गल्लीतल्या साऱ्या बाया फ्रिजशेजारच्या थर्मोकोलच्या खोक्याभोवती माना उंचावून उभ्या होत्या. खोक्यात बल्ब जळत होता, वाटीत पाणी होतं, जाळीवर अंडी होती. आणि त्यांच्यावर दोऱ्याला बांधलेली पितळी अंगठी धरून लोलकमहाराज उभे होते. अंगठी थरथरली आणि गोल फिरू लागली.

"कोंबडी!" महाराज गरजले. शेजारच्या अंड्यावर ती मागेपुढे झुलली. "कोंबडा! अंडं बोलतं, बाई. ऐकणारा कान पाहिजे."

"अगं बाई!" शिंपीणकाकूंनी तोंडावर हात ठेवला. पिल्लू नर की मादी हे बाहेर आल्यावरही कितीतरी आठवडे कळत नाही आणि तोवर महाराज कुठल्या गावी असतील, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

खोकं सासूबाईंचं. अंडी उबवावीत ती त्यांनीच. दिवसातून किती वेळा ती हलक्या हाताने फिरवायच्या, आणि बल्बच्या बटणाला मुलालाही हात लावू द्यायच्या नाहीत. सून गरोदर राहिल्यापासून तिच्यावरही अशीच पाखर. पण मनात एक किडा वळवळत होता: नातू की नात? महाराजांनी तो बरोबर हेरला.

"अंड्याचं कळतं, तर पोटाचं का नाही कळणार?" सासूबाईंच्या हातात एक पुडी ठेवत ते आदल्या दिवशी म्हणाले होते. "आणि मुलगी निघाली, तर हे चूर्ण. पोटातल्या पोटात पालटतं! तेवढे दिवस डॉक्टरच्या गोळ्या मात्र बंद."

सासूबाई मनाने वाईट नव्हत्या, पण आशेला डोळे नसतात. सुनेने साफ नकार दिला, तशी त्यांनी ताट सरकवून अबोला धरला. सकाळी सूनच म्हणाली, "बरं आई, येऊ देत त्यांना. आधी अंड्यांवर करून दाखवू देत, मग माझं बघा." सासूबाईंनी खुशीत तिला स्वतःच्या हाताने चहा करून दिला. सून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तपासल्याशिवाय ती काही मान्य करत नाही, हे त्या आनंदात विसरल्या.

अंगठी कोपऱ्यातल्या अंड्यावर आली आणि जोरजोरात झुलू लागली.

"वा! हा तर तुरेबाज कोंबडा!" महाराजांचे डोळे मिटले. "काय जोर आहे! बांग देईल तेव्हा सगळी गल्ली उठेल."

"उठेल खरी," सून म्हणाली. तिने ते अंडं उचललं, ओट्यावर टिचकवलं आणि सोलून बशीत ठेवलं. पांढरंशुभ्र, टणक. "मीच सकाळी उकडून ठेवलं होतं. महाराज, मीठ देऊ?"

शिंपीणकाकू फिस्सकन हसल्या आणि हसू घरभर पसरलं.

"उकडण्याआधी त्यात जीव होता! त्या जिवाची खूण उरते," महाराज सावरत म्हणाले.

"दुकानातलं आहे ते. त्यात जीव कधी नव्हताच."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "पण अगं, अंगठी हलली ना? मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."

"हलली, आई. तुम्ही धरा." सुनेने महाराजांच्या हातातून दोरा घेऊन सासूबाईंच्या हातात दिला. "हात अजिबात हलवू नका. फक्त मनात म्हणा, गोल फिर."

अंगठी गोल फिरू लागली. सासूबाई दचकल्या. "मी काही केलं नाही हं!"

"मुद्दाम नाही केलंत. मनात आलं की बोटं आपल्या नकळत किंचित हलतात आणि लांब दोऱ्याच्या टोकाला ते मोठं दिसतं. आता डोळे बांधते. मी खाली अंडं ठेवलंय की रिकामी वाटी, ते अंगठीला विचारा."

डोळे बांधल्यावर अंगठी वाटीवरही झुलली, अंड्यावरही झुलली, आणि शेवटी सुनेने खाली स्वतःची चप्पल धरली तर तिच्यावरही झुलली. हसून हसून बायांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"चूर्णाचंही तसंच," सून आता हसत नव्हती. "मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच ठरून जातं, नंतर पालटत नाही. निम्म्या घरांत मुलगा होतोच. ती घरं महाराजांचे गोडवे गातात. उरलेल्यांना ऐकवायचं, तुमचंच पथ्य चुकलं. या पुडीत काय आहे ते मला माहीत नाही, आई. गोळ्या सोडून हे मी गिळायचं?"

सासूबाईंनी डोळ्यांवरचा रुमाल काढला. मुठीतल्या पुडीकडे त्या बघत राहिल्या. पिल्लांना त्या गाळल्याशिवाय पाणी ठेवत नसत. आणि सुनेला...?

त्यांनी पुडी महाराजांच्या झोळीत टाकली. "हे तुम्हीच घ्या. आणि निघा."

महाराज पायऱ्या उतरून गेले, तशी शिंपीणकाकूंनी हळूच विचारलं, "आणि नात झाली तर हो?"

"तर नात," सासूबाई म्हणाल्या. "धडधाकट यावी, एवढंच." आणि सुनेची गोळी घ्यायची वेळ झाली म्हणून त्या पाणी आणायला वळल्या.

तेव्हा बायांनो आणि बाप्यांनो, दोष आशेचा नाही. ती सगळ्यांनाच असते. पण आशेने डोळे मिटले की कुणीतरी दोरा घेऊन दारात येतोच. तो आला की हात जोडू नका. एक हात पुढे करा आणि म्हणा, "आण इकडे, मी करून बघते."