सिंधुबाईची मिसरीची डबी

त्या साली पाऊस रुसला, शेतं भकास झाली आणि वडवणीजवळचं ते गाव म्हशींच्या दुधावर तगून राहिलं. दूध जायचं महिला दूध संस्थेत आणि संस्थेची चेअरमन होती सिंधुबाई. बाई तोंडाची फटकळ, कामाला वाघ. पण गावात तिचं खरं नाव होतं ते मिसरीसाठी. तंबाखू तव्यावर अशी भाजायची, की वासानंच बायका गोळा व्हाव्यात. सकाळी दूध घालून झालं की संस्थेच्या ओट्यावर तिची डबी उघडायची आणि सगळ्यांची बोटं त्या एकाच डबीत. डबीतून दातांवर, दातांवरून पुन्हा डबीत.

त्यात एक बोट रुक्मिणीबाईंचं असायचं. गावातली सगळ्यात जास्त जमीन त्यांच्या घरची. सिंधुबाई बौद्धवस्तीतली. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा याच रुक्मिणीबाई तिला पाणी द्यायच्या ते वरून, ओंजळीत, तांब्या हाताला लागू न देता. पुढं संस्था निघाली, एकत्र उठणं-बसणं झालं, कडाक्याची भांडणं झाली आणि एक दिवस त्यांचं बोट तिच्या डबीत आलं. सिंधुबाईनं हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण डबी मात्र रोज पदरानं पुसून चकचकीत ठेवायची.

तशात पुण्यात स्वाइन फ्लूनं थैमान घातलं आणि तो ताप इकडंही पोचला. सिंधुबाईची लेक सुजाता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. ‘पोटुशी बाईला हा ताप फार वाईट,’ असं नर्सबाई सांगून गेल्या आणि सिंधुबाईनं पदर खोचला. लेकीला नि तिच्या पोटातल्या जिवाला या तापाचा वारा लागू द्यायचा नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात.

पाणी टँकरचं. त्यात घडीघडी हात धुवा म्हणणं म्हणजे मार खायचं काम. मग तिनं प्लास्टिकच्या दोन कॅनना दाभणानं भोक पाडून त्यात काडी खोचली; एक कॅन संस्थेच्या ओट्यावर, एक घरच्या अंगणात. काडी उपसली की करंगळीएवढी धार. खाली घमेलं, आणि घमेल्यातलं पाणी लिंबाच्या रोपाला.

“साबन लावल्याबिगर दुधाला हात लावाल तर बगा!” असा तिचा दम.

बायकाही गुणाच्या. हात धुवायच्या, नाकाला पदर लावायच्या, अंतर ठेवून रांगेत उभ्या राहायच्या. आणि दूध घालून झालं की ते धुतलेले स्वच्छ हात घेऊन थेट मिसरीच्या डबीवर तुटून पडायच्या. चेअरमनबाईंसकट! आता काय बोलावं?

एका सकाळी रुक्मिणीबाई दातांवर बोट फिरवता फिरवता खोकल्या आणि तेच बोट पुन्हा डबीत घातलं. सिंधुबाईनं आपल्या बोटाकडं पाहिलं. घरी जाऊन तिनं डबी चुलीत उपडी केली, उकळत्या पाण्यातून काढली आणि दिवसभर सुजाताच्या जवळ गेली नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर म्हणाली, “तंबाखू संपली.”

खरं का सांगितलं नाही? तर रुक्मिणीबाईंच्या बोटाला नको कसं म्हणायचं? त्या बोटाची तिनं अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. रुक्मिणीबाईंनी तिच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि निघून गेल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दूध घेऊन त्यांचा गडी धोंडीराम आला. “बाई येनार न्हाईत म्हन्ल्या.”

सिंधुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक दिवस डबी नाही मिळाली तर बाईंना लगेच आमची जात आठवली! तिनं दिवसभर दुधाचे कॅन आदळले. राग होता, त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

दिवस कलता कलता दारात हाक आली. रुक्मिणीबाई कुंपणापाशी उभ्या, तोंडाला पदर गुंडाळून.

“कावून तिथंच हुब्या, काकू? आमचं अंगन टोचतं का पायाला?”

“आगं, कालपासून कनकन हाय मला. डागदर म्हन्ला, गोळ्या घ्या आन कुनाच्या जवळ जाऊ नका. तुज्या घरात पोटुशी लेक, मी कशाला आत येऊ?”

“मंग आलाव कशाला?”

“मिसरी पायजे. म्हनं तंबाखू संपली! लबाड कुठली! काल तुज्या तव्याचा वास आमच्या दारापस्तोर आलता.”

सिंधुबाई ओशाळली. स्वतःपुरती भाजायचा मोह काही तिला आवरला नव्हता. “तुमच्या खोकल्याला भ्याले, काकू. सांगाया तोंड झालं न्हाई.”

“तोंड झालं न्हाई? तुला?” रुक्मिणीबाई हसल्या, खोकल्या आणि आणखी मागं सरकल्या. मग कनवटीची एक रिकामी डबी कुंपणाच्या दगडावर उघडी ठेवून लांब झाल्या. “ह्यात भर. पर डबीला हात लावू नगं. वरून घाल.”

मिसरी घेऊन आलेली सिंधुबाई जागीच थांबली.

“आटवलं न्हवं?” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “मला बी आटवलं. म्या तुला वरून पानी घालायचे, तवा तुला काय झालतं? काय बी न्हाई. आजार मलाच झालता, सिंधू.”

सिंधुबाईनं हात उंच धरला आणि वरून मिसरी सोडली. निम्मी वाऱ्यानं उडाली, नाकात गेली, आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी शिंका नि हसू सुरू झालं.

त्यानंतर ओट्यावर जिची तिची डबी. रुक्मिणीबाई बऱ्या झाल्या. ताप सुजाताच्या वाटेला गेला नाही, मुलगी झाली. नामकरणाला रुक्मिणीबाई आल्या त्या सरळ अंगणातल्या कॅनपाशी गेल्या. काडी उपसली, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पुसले आणि पाळण्यापुढं मांडी घालून बसल्या.

“आता वरून न्हाई बरं,” त्या म्हणाल्या. “हातात दे.”

सिंधुबाईनं नात त्यांच्या हातात दिली.